अण्णासाहेब कर्वे आणि माझे राहिलेले गणित

स्मरणिकेसाठी अण्णासाहेब कर्व्यांवर मी लिहावे, असे संपादक मंडळातील भगिनींनी सुचविले, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. पुण्यात राहून अण्णासाहेबांविषयी नवे काय लिहावयाचे? दर 18 एप्रिलला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, कोणीतरी विदुषी येऊन बोलतात, आणि हिंगण्याची झोपडी, विधवाविवाह, भारतरत्न हे सारे आपणा सर्वांना पाठ आहे. पण नकार देण्याचे खरे कारण निराळे होते, ते तेव्हा मी सांगितले नाही. अण्णासाहेबांवर माझा जुना राग होता.

राग कसला, ते आधी सांगते. मी या मंडळाची खजिनदार. गेली बावीस वर्षे कीर्द-खतावणी माझ्या हातची आहे आणि हिशेबतपासनिसांनी तीत आजवर चूक काढलेली नाही. असे असूनही माझे गणित शाळेतच सुटले. 1966 साली मी अकरावी झाले. त्याआधी दोन वर्षे आमच्या वर्गातील मुलींना बीजगणित-भूमितीऐवजी सोपे अंकगणित घेण्याची मुभा होती. मुलीच्या जातीला तेवढे पुरे, असे शाळेने सांगितले आणि घरच्यांनीही तेच म्हटले. शाळेचे नाव घेत नाही, त्या काळी बहुतेक ठिकाणी असेच चाले. मला बीजगणित आवडत होते. परंतु मुभा मिळाली की ती घेणे भागच पडते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकींना असेल.

पुढे लग्न, संसार, सासूबाईंचे आजारपण यांत कितीतरी वर्षे गेली. मग एकदा वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात वाचले, की 1916 साली अण्णासाहेबांनी महिलांचे विद्यापीठ काढले, तेव्हा त्याच्या अभ्यासक्रमात गणित हा विषय सक्तीचा नव्हता, ऐच्छिक होता. मी पुस्तक मिटून ठेवले. जो मनुष्य तेवीस वर्षे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत होता, त्यानेच मुलींना गणितातून सूट द्यावी? माझ्या शाळेने केले ते चुकीचे असेल, पण त्याची सुरुवात एवढ्या थोर माणसाने करून द्यावी, हे मनाला फार लागले.

म्हणून लेख लिहिण्याचे अखेर कबूल केल्यावर मी त्यांचे चरित्र पुन्हा वाचले, पण या खेपेस फक्त गणिताच्या बाजूने वाचले.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी कोकणात शेरवली या गावी आजोळी झाला. घर मुरूडचे. परिस्थिती ओढगस्तीची. त्या काळच्या गावठी शाळांतून पोरांची पहिली वर्षे उजळणीत जात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज हे ऐकून मुले हसतात. पण रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि शेर-पायलीचे माप ज्या बाजारात चालते, तेथे साडेतीन शेरांची किंमत कागदाविना सांगावयाची तर औटकीच हवी. सहा आणे शेराने साडेतीन शेर घेतले की औट सक एकवीस, म्हणजे एक रुपया पाच आणे, हे तोंडातून आपोआप निघे. माझ्या आजेसासूबाईंना लिहिता येत नव्हते, पण भाजीवालीचा हिशेब त्या असाच करीत. सांगावयाचे एवढेच, की अण्णासाहेबांचे गणित मराठीत झाले, इंग्रजी कानावर पडण्याच्या फार आधी झाले. पुढे या गोष्टीचे महत्त्व कळेल.

मुरूडला त्यांना विनायक लक्ष्मण सोमण नावाचे गुरुजी लाभले. सोमणगुरुजी नुसते शाळेतले मास्तर नव्हते. गावात चार चांगल्या गोष्टी व्हाव्यात म्हणून ते धडपडत, आणि त्यांच्याच सांगण्यावरून लहानगा धोंडू दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवी. मराठी सहावीची सरकारी परीक्षा हे त्या काळी गरीब मुलाचे मोठे ध्येय असे, कारण ती झाली की मास्तरकीची नोकरी मिळे. 1875 साली त्या परीक्षेसाठी सतरा वर्षांचा हा मुलगा सोबत्यांबरोबर साताऱ्याला निघाला. पावसाळी हवेमुळे मुंबईची वाट बंद होती. तेव्हा डोंगरवाटेने, कुंभार्लीचा घाट चढून, शंभराहून अधिक मैल पायी जावे लागले. चार-पाच दिवस चालून पोचल्यावर परीक्षकांनी त्यांच्या किरकोळ चणीकडे पाहून हा मुलगा सतरा वर्षांचा असणे शक्य नाही असे ठरविले आणि दाखला जवळ असतानाही परीक्षेला बसू दिले नाही. आले त्याच वाटेने परत. पुढे कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाले.

ही हकीकत शाळेच्या पुस्तकांतून सर्वांनी वाचलेली असते. माझे लक्ष या वेळी गेले ते तिच्यानंतरच्या वर्षांकडे. मराठी शिक्षण संपल्यावर इंग्रजीची मुळाक्षरे गिरवून पुन्हा खालच्या वर्गात बसावयाचे, तेही मिसरूड फुटल्यावर, हे सोपे नसते. मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून ते मॅट्रिक झाले 1881 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. हल्ली त्या वयात मुले नोकरीला लागलेली असतात. शिकवण्या करून पोट भरावयाचे, उरलेल्या वेळात आपला अभ्यास करावयाचा, असे चालले होते. 1884 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले. एम. ए. मात्र त्यांना होता आले नाही.

येथे मला थांबावेसे वाटते. कुशाग्र बुद्धीचा गणिती म्हणून अण्णासाहेबांची ख्याती कधीच नव्हती आणि त्यांनीही तसा आव आणला नाही. त्या काळी आपल्याकडे टॉडहंटरची बीजगणिताची पुस्तके आणि युक्लिडची भूमिती यांचे राज्य होते. ती पुस्तके पानामागून पान सोडवीत जाणे हाच अभ्यास. अडले की मागे जावयाचे, पुन्हा सुरू करावयाचे. साताऱ्याची वाट चालणारा मनुष्य या कामाला योग्यच म्हणावयाचा.

आता त्यांच्या शिष्याची गोष्ट. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे अण्णासाहेबांचे मामेभाऊ. वयाने अठरा वर्षांनी लहान, दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे. या मुलाची बुद्धी अण्णासाहेबांनी हेरली आणि त्याला शिकण्यासाठी मुंबईस आपल्या घरी आणले. अण्णासाहेब मराठा हायस्कुलात शिकवीत, तेथेच रघुनाथही जाई. घरात माणसे पुष्कळ, जागा थोडी, आणि सगळ्यांचे करणाऱ्या अण्णासाहेबांच्या पहिल्या पत्नी राधाबाई. या माउलीचे नाव रँग्लर परांजप्यांच्या कौतुकात कोणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेते. 1891 साली राधाबाई वारल्या. त्याच वर्षी रघुनाथ मॅट्रिकच्या परीक्षेत सबंध मुंबई इलाख्यात पहिला आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अण्णासाहेबांना पुण्याहून बोलावणे आले.

बोलावणे पाठविले ते गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. हे दोघे एल्फिन्स्टन कॉलेजातले सोबती. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडून गेल्यामुळे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणारा मनुष्य हवा होता. गंमत पाहा, टिळक गणिताचे शिक्षक आणि केरूनाना छत्र्यांचे शिष्य. गोखल्यांनी शाळांसाठी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक कितीतरी वर्षे चालत होते. टिळकांच्या जागी आले ते कर्वेही गणिताचे, आणि पुढे कॉलेजचे प्रमुख झाले ते परांजपेही गणिताचेच. पुण्याचे सार्वजनिक जीवन एके काळी गणिताच्या मास्तरांनी चालविले असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. त्यांची आपापसांत भांडणेही झाली, पण तो विषय या लेखाचा नव्हे.

रघुनाथही पुण्यास आला. फर्ग्युसनमध्ये पुन्हा अण्णासाहेबच त्याचे गणिताचे गुरू. 1896 साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात गेला आणि 1899 साली तेथील गणिताच्या परीक्षेत दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर पहिल्या क्रमांकाचा मानकरी, म्हणजे सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळविणारा तो पहिला भारतीय. मोठ्या पगाराच्या नोकऱ्या सहज मिळाल्या असत्या. त्या न घेता परांजपे 1902 साली पुण्यास परतले आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. तेव्हापासून 1914 साली निवृत्त होईपर्यंत अण्णासाहेब आपल्याच शिष्याच्या हाताखाली काम करीत होते. यात त्यांना काही कमीपणा वाटला असे कोठे दिसत नाही. अण्णासाहेबांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो हेही पुढे गणिताचेच प्राध्यापक झाले. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. एका घरात तीन गणिती, आणि तिघांचेही नाव समाजाशी घेतलेल्या झुंजीमुळे राहिले.

1893 च्या मार्चमध्ये अण्णासाहेबांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई किंवा बाया कर्वे. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. 1896 साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली, आणि प्लेगच्या दिवसांत, 1900 साली, आश्रम गावाबाहेर हिंगण्यास गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जागेवर एक झोपडी उभी राहिली. दिवसा कॉलेजात गणित शिकवावयाचे, संध्याकाळी चिखल तुडवीत हिंगण्यास जावयाचे, आश्रमाचे सामानसुमानही पुष्कळदा स्वतःच वाहून न्यावयाचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. आजचा कर्वे रस्ता त्याच दिशेने जातो. परवा रिक्षाने जाताना नळस्टॉपच्या चौकात वीस मिनिटे अडकले, तेव्हा मनात आले की अण्णासाहेब पायीच लवकर पोचत असतील.

आश्रमासाठी त्यांनी आपली विम्याची पॉलिसीही देऊन टाकली आणि बायांनी त्यावर रोष धरला. संसाराची जबाबदारी असलेल्या कोणत्याही बाईने धरला असता. हिशेबाच्या बाबतीत मात्र अण्णासाहेब पक्के. दारोदार हिंडून रुपया-आठ आण्यांनी जमविलेला पैसा दुसऱ्याचा आहे, या भावनेने ते वागले. खजिनदारीचे काम करणारीला याचे मोल अधिक कळते.

आता माझ्या रागाकडे वळते. हिंगण्यास येणाऱ्या स्त्रिया कोण होत्या? बालपणीच विधवा झालेल्या, केशवपन झालेल्या, वीस-पंचवीस वर्षांच्या होऊनही अक्षरओळख नसलेल्या. बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले त्यांतल्याच. पंचविशी उलटल्यावर त्या शिकू लागल्या, आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, आणि पुढे बेताच्या इंग्रजीवर अमेरिकेस जाऊन, तेथे लोकांच्या घरची कामे करून आश्रमासाठी पैसा घेऊन आल्या. अशा स्त्रियांपुढे मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा भिंतीसारखी उभी होती. सारे इंग्रजीतून, आणि जोडीला गणित सक्तीचे. अण्णासाहेबांना स्वतःला ती भिंत चढावयास तेविसावे वर्ष उजाडले होते, तेही पुरुष असून, घरकाम अंगावर नसून.

1915 च्या अखेरीस राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून ती त्यांच्या मनात पक्की झाली होती. 1916 साली विद्यापीठ सुरू झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती आणि उपकुलपती रँग्लर परांजपे. म्हणजे संस्थापक गणिताचे प्राध्यापक, उपकुलपती केंब्रिजचे रँग्लर, आणि गणित ऐच्छिक! शिक्षणाचे माध्यम मात्र मातृभाषा आणि इंग्रजी सक्तीचा विषय. गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र यांनाही मानाचे स्थान. पुढे 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे, नाव विद्यापीठास मिळाले. हे विद्यापीठ कमी प्रतीचे आहे अशी टीका त्या काळी पुष्कळ झाली.

मातृभाषेच्या निर्णयात मला मुरूडच्या शाळेत औटकी म्हणणारा मुलगा दिसतो. ज्याचे गणित मराठीत पक्के झाले त्याला ठाऊक होते, की विषय एक आणि भाषा दुसरी, दोन्ही ओझी एकदम डोक्यावर देऊ नयेत. हा निर्णय शंभर टक्के योग्य होता असे मी म्हणेन.

गणिताच्या बाबतीत मात्र मी अजूनही त्यांच्या बाजूची नाही. संसाराला गृहशास्त्र लागते आणि बीजगणित लागत नाही, असा विचार त्या अभ्यासक्रमामागे होता. ज्यांनी मुंबईत असताना मुलींच्या शाळांतूनही शिकविले होते, त्यांना मुलींना गणित येते की नाही हे काय ठाऊक नव्हते? तीस वर्षांच्या विधवेसाठी दार रुंद करणे हे एक, आणि दहा वर्षांच्या मुलीला त्या दारातून ढकलणे हे दुसरे. पहिले अण्णासाहेबांनी केले. दुसरे नंतरच्यांनी केले, आणि त्यांना ते करणे सोपे गेले, कारण एवढ्या मोठ्या माणसाचे उदाहरण पुढे होते. सवलत जिच्यासाठी दिली ती स्त्री शिकून मोठी झाली, तरी सवलत मागे राहिली आणि तिचा रिवाज झाला. त्या रिवाजाने 1964 साली मला गाठले.

राग गेला का? बराच उतरला. साताऱ्याहून परतणारा तो मुलगा डोळ्यांपुढे आला की राग टिकत नाही. शिवाय हा मनुष्य एका जागी थांबलेला नाही. 1936 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी नवी संस्था काढली आणि पुन्हा दारोदार हिंडू लागले. 1958 साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मी तेव्हा बारा वर्षांची होते. शाळा लवकर सुटली एवढेच आठवते.

हिंगण्याचे आता कर्वेनगर झाले आहे. त्याच संस्थेच्या आवारात 1991 साली मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. माझी नात तेथे संगणकाचे शिक्षण घेते. तेथे गणित ऐच्छिक नाही, हे सांगावयास नकोच. मागच्या वर्षी तिने मला संगणकाला सूचना कशा लिहितात ते दाखविले. एक पायरी, मग दुसरी, उत्तर येईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा, आणि मध्ये एक स्वल्पविराम चुकला तर सारे अडते. रात्री दोनपर्यंत ती एकच चूक शोधीत बसते. मला टॉडहंटरची पाने आठवली.

लेखाच्या निमित्ताने मी तिच्याबरोबर आवारात जाऊन जुनी झोपडी पुन्हा पाहिली. बाहेर कट्ट्यावर मुली वह्या पसरून बसल्या होत्या. परत येताना अप्पा बळवंत चौकात उतरून मी नववीचे बीजगणिताचे पुस्तक विकत घेतले, मराठी माध्यमाचे. दुकानदाराने नातवासाठी का म्हणून विचारले, तेव्हा मी हो म्हटले.

गेल्या चार महिन्यांत तीन प्रकरणे झाली आहेत. नात रविवारी वही तपासते आणि चुकलेल्या उदाहरणाखाली लाल रेघ मारते, समजुतीचा एक शब्द बोलत नाही. मागच्या रविवारी दहांपैकी सात बरोबर आली. उरलेली तीन, या स्मरणिकेची मुद्रिते तपासून झाली की पुन्हा करावयाची आहेत.